ओरखडा झाकला, गंज वाढला

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत मला पहिलाच प्रश्न आला होता, "गंज म्हणजे काय?" मी उभ्या उभ्या उत्तर ठोकलं : लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांच्यापासून तयार होणारं पाणीयुक्त लोह ऑक्साइड. सर खूश, मी खूश, मार्क पैकीच्या पैकी! त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि त्याच गंजाने आमच्या घरी माझी खरी परीक्षा घेतली. तिच्यात मी सपशेल नापास झालो. हा लेख म्हणजे त्या नापास पेपरची उत्तरपत्रिका समजा.

मी तेरचा. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठावरचं गाव. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेलच. इतिहासाची आवड असणाऱ्यांना 'तगर' म्हणूनही ते ठाऊक असेल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात लिहिलं आहे की पैठणहून आणि तगरहून माल गाड्यांमध्ये भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे. तगरचा माल म्हणजे मुख्यतः कापड. थोडक्यात, गाडीत माल भरून लांबच्या बाजाराला नेणं हा आमच्या गावाचा दोन हजार वर्षांचा धंदा! आमच्या घरी तोच धंदा चालू आहे. फक्त बैल जाऊन छोटा हत्ती आला आणि कापड जाऊन टोमॅटो-कोथिंबीर आली.

आमचा मांडव

भाजीची कॅरेट फाळक्याच्या वर रचायची तर आधार लागतो. म्हणून फर्स्ट इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी, आण्णा आणि माझा वेल्डिंग येणारा चुलतभाऊ, अशा तिघांनी मिळून हौद्यावर एक लोखंडी सांगाडा उभा केला. चार कोपऱ्यांना चार खांब, वर आडव्या पट्ट्या, बाजूंना दोन दोन दांड्या. खांबांना दीड इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा. खाली पायपट्टी आणि बोल्ट. गावात अशा सांगाड्याला कुणी कठडा म्हणतं, कुणी स्टँड. चार खांबांमुळे आमची आक्का त्याला मांडव म्हणाली आणि तेच नाव पडलं.

वेल्डिंग झालं, निळा ऑइलपेंट मारला, गाडी नटली. आठवड्यात कॅरेट घासून घासून रंगावर ओरखडे पडले. आण्णा हळहळले. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ना! मी म्हटलं, "आण्णा, काळजी करू नका, याला कव्हर घालतो." ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापले, त्याखाली स्पंज लावला आणि खांबांना पायापासून कमरेपर्यंत तारेने गच्च आवळले. ओरखडा पडायचा बंद झाला. म्हणजे दिसायचा बंद झाला.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, मी थर्ड इयरला असताना होस्टेलवर फोन आला. लातूरच्या अडतीवर माल उतरवताना शेजारचे काका नेहमीप्रमाणे मागच्या खांबाला धरून वर चढले आणि खांब मुळापासून तुटून त्यांच्या हातात आला. काका खाली, त्यांच्या अंगावर सहा कॅरेट. डोक्याला सात टाके पडले.

दिवाळीत घरी गेल्यावर आधी त्यांना भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना. तेच म्हणाले, "आरं, माजाच हात घसरला आसंल. तू कशाला तोंड पाडून बसलास?" हात घसरला नव्हता हे मला ठाऊक होतं. तुटलेला खांब आण्णांनी अंगणात ठेवला होता. रबर कापून काढलं तर आत स्पंज ओलाच होता आणि स्पंजाखाली पाइप नव्हताच, तपकिरी पापुद्रे होते. वरचा भाग, जिथं रबर पोचलं नव्हतं आणि जिथं ओरखडेच ओरखडे होते, तो ठणठणीत!

जिथं झाकलं तिथं गेलं, जिथं उघडं राहिलं तिथं टिकलं. असं का व्हावं?

कारण एक : गंजाला हवा कमी पडली तरी चालते

वर्कशॉपमधल्या मामांना तो तुकडा दाखवला. मामा हसले. "पुस्तकात वाचलाय की तुम्ही हा. डिफरन्शियल एरेशन." खरंच, दहा मार्कांचा प्रश्न म्हणून मी तो पाठ केला होता!

गंजणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, तो अॅनोड. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथं पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो, तो कॅथोड. ज्या भागाला हवा भरपूर मिळते तो कॅथोड होतो आणि ज्या भागाला हवा मिळत नाही तो अॅनोड होऊन झिजतो. आपल्याला वाटतं हवा लागली नाही म्हणजे गंज नाही. उलट ओल्या फटीत, रबराखाली, चिखलाच्या गोळ्याखाली, दोन पट्ट्यांच्या मधे लोखंड जास्त खातं, कारण त्याच्या शेजारी हवेतला ओला भाग कॅथोड बनून बसलेला असतो. खांबाचा वरचा भाग पाऊस थांबला की तासाभरात वाळायचा. स्पंजातला भाग आठवडाभर ओला राहायचा.

"पण आपल्याकडं पाऊस असतोय कुठं?" असं गावात सगळे म्हणतात. बरोबर आहे, कोकणातली खारी हवा आपल्याकडे नाही. पण भाजी ताजी राहावी म्हणून आम्ही रोज संध्याकाळी तिच्यावर पाणी मारतो. म्हणजे आमच्या मांडवावर वर्षाचे बारा महिने पाऊस! शिवाय परतीच्या खेपेला खताची पोती. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ. क्लोराइड पाण्यात मिसळलं की पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि गंज पळत सुटतो. स्पंजाने ते पाणी जपून ठेवलं.

कारण दोन : पाइप आतूनही असतो

खांबांची वरची तोंडं आम्ही उघडी ठेवली होती. पाणी आत शिरलं आणि खाली पायपट्टीवर साचलं. तळाला बाहेर पडायला भोक नाही. आता हिशेब करा. सोळा गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडी. बाहेरून अर्धा मिलिमीटर आणि आतून अर्धा मिलिमीटर खाल्ला तर उरतो ०.६. पातळ पाइपची वाकण सोसण्याची ताकद ढोबळमानाने जाडीच्या प्रमाणात घटते. म्हणजे ताकद उरली जेमतेम ३७ टक्के. बाहेरचा रंग मात्र अजून निळाच!

कारण तीन : जोर आणि गंज एकाच जागी

खांब खाली पक्का आणि वर मोकळा, म्हणजे आपली मेकॅनिक्सची कॅन्टिलिव्हर बीम. वर एक मीटरवर माणसाने २० किलोच्या जोराने ओढलं तर पायाशी २० किलो-मीटरचं आघूर्ण. बेंडिंग मोमेंट सगळ्यात जास्त कुठं? पायाशी. पाणी कुठं साचतं? पायाशी. वेल्डिंगची खाच कुठं? पायाशी. तिन्ही पेपर मी वेगवेगळ्या सेमिस्टरला पास झालो होतो. तिन्ही एकाच इंचात भेटतात हे मात्र कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

कारण चार : रंग लोखंडाला लागलाच नव्हता

दुकानातून आणलेल्या पाइपवर निळसर काळी चकचकीत साल असते, तिला मिल स्केल म्हणतात. आपल्याला ती चांगली वाटते. पण ती तडकते, सुटते आणि सुटताना वरचा रंग घेऊन जाते. शिवाय तिच्या शेजारचं उघडं लोखंड अॅनोड होतं. वेल्डिंगवरचा स्लॅगही आम्ही नीट ठोकून काढला नव्हता. रंग बसला होता तो सालीवर, स्लॅगवर आणि तेलकट हाताच्या ठशांवर. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो आणि फोड येतो. फोड दिसला की समजावं, काम आत बरंच पुढे गेलंय.

मग काय केलं?

त्या सुट्टीत मांडव पूर्ण उतरवला. काय केलं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुमच्या घरच्या ट्रॉलीला, पिकअपला, टाकीच्या स्टँडलाही उपयोगी पडेल.

१. आधी ठोकून पाहणे. परंपरेतली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं ते पाहिलं आणि नामदेव कच्चे ठरले. आम्ही लहान हातोडीने इंच इंच ठोकत गेलो. चांगला पाइप खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. बद्द वाजलं तिथं खडूची खूण. चारपैकी तीन खांब कच्चे निघाले! ते कापून खाली नवा पाइप जोडला. सडलेल्या भोकात लांबी भरून वर रंग मारण्याचा मोह होतो. तो टाळा. लांबीला ताकद नसते, फक्त तोंड रंगवल्यासारखं होतं.

२. साफसफाई. स्लॅग हातोडीने, गंज आणि साल ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने, कोपरे तारेच्या ब्रशने. लोखंड पांढरं दिसेपर्यंत. धारदार कडा घासून गोल केल्या, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथंच थर सगळ्यात पातळ राहतो. ओरखडाही आधी कडेलाच पडतो. मग थिनरच्या स्वच्छ चिंध्यांनी पुसून घेतलं आणि नंतर उघड्या हाताने शिवलं नाही, घामात मीठ असतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच ग्राइंडर धरा, ही वर्कशॉपमधली पाटी घरीही लागू आहे. ब्रश पोचत नाही अशा सांध्यात रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यातलं टॅनिन गंजाशी मिळून काळा थर बनवतं. हिरड्याच्या पाण्यात खिळा टाकला की शाईसारखं काळं होतं, तीच ही क्रिया. पण सुटे पापुद्रे आधी काढावेच लागतात.

३. पाण्याला वाट. खांबांच्या वरच्या तोंडावर पत्र्याची टोपी वेल्ड केली आणि तळाशी सगळ्यात खालच्या जागी ८ मिलिमीटरचं भोक पाडलं. आतून पातळ प्रायमर ओतून, फिरवून निथळवला. काही जण जी.आय. पाइप वापरा म्हणतात. जरूर वापरा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं (प्रमाण विभव जस्ताचं उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४), म्हणून ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्या जागेला सांभाळतं. पण वेल्डिंगच्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता धूर बाजूला जाईल असे बसून, मास्क लावून वेल्ड करा. जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. आणि तयार सांगाडा गॅल्व्हनायझिंगला पाठवणार असाल तर बंद पाइपला भोकं हवीतच. सुमारे ४५० अंशांच्या जस्तात बंद पाइपमधली वाफ स्फोट करते.

४. रंगाचे थर. साफ केलं त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ढकलायचं नाही. आधी फक्त कडा, वेल्ड आणि बोल्टची भोकं छोट्या ब्रशने रंगवली, मग सगळीकडे प्रायमरचे दोन हात. वेल्डच्या जागी आधी झिंक रिच प्रायमर. तो उघड्या, स्वच्छ लोखंडालाच लागला पाहिजे, गंजावर मारला तर जस्ताचा आणि लोखंडाचा संबंधच येत नाही. त्यावर एनॅमलचे दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात काढू नका. प्रायमर सच्छिद्र असतो, वरचा थर हवाच. जुना रंग खरवडताना तोंडाला मास्क बांधा. जुन्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असू शकतं आणि त्याची धूळ विषारी आहे.

५. ओरखड्यासाठी वेगळा बळी. ओरखडा पडणारच. कॅरेट घासणार, दोर घासणार, हूक लागणार. रंगाने तो झेलायचा नाही. जिथं घासतं तिथं जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे लावले, पण गुंडाळले नाहीत. फक्त माल लागतो त्या एका बाजूला, दोन बोल्टवर, मागे वायसर घालून पाइपपासून ४-५ मिलिमीटर अंतर ठेवून. पाणी मागून सरळ खाली जातं, हवा फिरते आणि तुकडा झिजला की दोन बोल्ट काढून बदलता येतो. वर्षातून दोनदा काढून आत बघताही येतं. आमच्या आधीच्या रबरात आणि यात फरक एवढाच, पण तोच सगळा फरक आहे. जे काढून बघता येत नाही असं कव्हर घालायचं नाही.

६. हौद्याची काळजी. पायपट्टी थेट हौद्याच्या पत्र्यावर बसवली तर धक्क्यांनी दोन्हींचा रंग जातो. मधे भरीव रबराचा तुकडा घातला, स्पंज किंवा गोणपाट नाही. पत्र्याला पाडलेल्या भोकांच्या कडा रंगवूनच बोल्ट घातले, खाली मोठे वायसर. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळले, कारण रबर दबतं. मांडव बोल्टचा आणि काढता येण्यासारखा ठेवला. तरीही नोंदणीच्या कागदांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परस्पर करता येत नाही, म्हणून आरटीओला आधी विचारावं.

७. रोजची नजर. खताची खेप झाली की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुणं. ओरखडा पडून लोखंड दिसलं तर आजचा आजच पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. त्यासाठी सीटखाली एक छोटी डबी आणि ब्रश ठेवला आहे. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीत एकदा बेल्ट काढून हातोडी फिरवायची. गावात काही जण जळकं इंजिन ऑइल फासतात. ते भाजीला लागतं, धूळ धरतं आणि पुढं त्यावर रंग बसत नाही. ते करू नका.

या सगळ्या सामानाला नवा मांडव करण्याच्या चौथाईही खर्च आला नाही. वेळ गेला तो साफसफाईत, पाच दिवसांतले साडेतीन. आण्णा कुरकुरले, "रंग मारायला निघालास का लोखंड शिवायला?" मामांचं वाक्य मी त्यांना ऐकवलं, रंग डब्यात नसतो, घासण्यात असतो.

दिल्लीचा खांब आणि आपला खांब

कुणीतरी म्हणेलच, "मग दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर कसा उभा आहे?" आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट, संरक्षक थर हळूहळू तयार झाला. ओलं होणं आणि वाळणं हे चक्र त्या थराच्या वाढीला लागतं. म्हणजे त्या खांबालाही वाळायला मिळालं म्हणून तो टिकला! आपला बाजारातला पाइप तसल्या लोखंडाचा नाही, पण वाळण्याचा धडा त्यालाही लागू आहे.

होस्टेलमध्ये काय बघाल?

तर मित्रहो, गाडी नसेल तरी हा अभ्यास होस्टेलवरच करता येईल. आपल्या सायकल स्टँडचे पाय बघा, वर ठणठणीत आणि फरशीत शिरतात तिथं कुजलेले. लोखंडी कॉटची जी दांडी आपण ओल्या टॉवेलसाठी वापरतो, ती बघा. पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर शिडी टेकवण्याआधी त्याच्या पायाशी हातोडीने ठोकून बघा आणि बद्द वाजलं तर वॉर्डन सरांना त्याच दिवशी सांगा. फोड येईपर्यंत थांबू नका. मागच्या महिन्यात आम्ही चौघांनी सायकल स्टँड असाच ठोकून पाहिला. सात पायांवर खडूच्या खुणा आहेत. वर्कशॉपमधून ग्राइंडर मिळाला तर एका रविवारचं काम आहे. येणाऱ्यांनी माझ्या रूमवर नाव द्यावं.

आणि काका? नवा मांडव बसवला त्या दिवशी ते आले. डोक्यावरची खूण अजून दिसत होती. वर चढण्याआधी त्यांनी मागच्या खांबावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, कान लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पक्कं हाय." मग धरून वर चढले. मी खाली उभा होतो. ते वर पोचेपर्यंत माझा हात त्या खांबाच्या पायाशीच होता.